अमडापूर, वेग ताशी १५७० किलोमीटर

सापेक्षतेवर मराठीत काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत रॉकेट येतेच. मग त्यात जुळ्या भावांपैकी एकाला बसवतात, प्रकाशाच्या नव्वद टक्के वेगाने कुठल्यातरी ताऱ्याकडे पाठवतात, आणि तो परत येतो तेव्हा दुसऱ्याचे केस पांढरे झालेले असतात. शाळेत हेच वाचले, कॉलेजात हेच वाचले, आता माझा पुतण्या यूट्यूबवर हेच बघतो. माझे स्पष्ट मत असे आहे की या रॉकेटने सापेक्षतेचे जेवढे नुकसान केले तेवढे अवघड गणितानेही केले नसेल. रॉकेट आले की हा सगळा प्रकार आपल्या आयुष्यात कधीच घडणार नाही याची वाचकाला खात्री पटते आणि तो निश्चिंत होतो. शिवाय "वेग, पण कुणाच्या तुलनेत?" हा खरा प्रश्न विचारायचे राहूनच जाते, कारण रॉकेट पळताना दिसतेच आहे की समोर!

तर मंडळी, आजच्या शनिवारी रॉकेटला सुट्टी. आज आपण अमडापूरला जाऊ.

अमडापूर म्हणजे आमचे मूळ गाव. बुलढाणा जिल्हा, चिखली तालुका. चिखलीहून खामगावकडे निघालात की वाटेत लागते. सोयाबीन, तूर, कापूस, पारावर गप्पा मारणारी माणसे, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून गेलेल्या माणसाला एकदम निवांत वाटावे असे. आणि हे निवांत गाव तुम्ही हे वाक्य वाचत असताना पूर्वेकडे ताशी १५७० किलोमीटर वेगाने चालले आहे. मुंबई-दिल्ली विमानापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जोरात.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यामुळे विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला ४६५ मीटर सरकते. अमडापूर वीस अंश अक्षांशाच्या थोडे वर, तिथले वर्तुळ जरा लहान, म्हणून वेग सेकंदाला ४३६ मीटर. आता आइनस्टाइनचे सूत्र लावा: वेगाचा वर्ग भागिले प्रकाशवेगाच्या वर्गाची दुप्पट. उत्तर येते साधारण एक लाख कोटीत एक भाग. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना गुणले की ९१ नॅनोसेकंद. नुसता वेग धरला तर अमडापूरचे घड्याळ दिवसाला एवढे मागे पडायला हवे. ऐंशी वर्षे जगलेल्या माणसाला जन्मभरात पावणेतीन मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

पण कुणाच्या तुलनेत मागे? शेजारच्या उंद्रीच्या नाही, तेही तसेच पळते आहे. तुलना आहे न फिरणाऱ्याशी. उत्तर ध्रुवावर उभा असलेला माणूस घ्या. तो दिवसभरात स्वतःभोवती एक गिरकी घेतो, पण जागचा हलत नाही. त्याच्या दृष्टीने अमडापूर पळते आहे.

(सूर्याभोवती आपण सेकंदाला ३० किलोमीटरने फिरतो त्याचे काय, असे हुशार मंडळी विचारतील. रास्त आहे. पण सूर्याच्या ओढीत अख्खी पृथ्वी एकत्रच पडत असते, तो वेग अमडापूरला आणि ध्रुवाला सारखाच, त्यामुळे पृथ्वीवरची दोन घड्याळे आपसात ताडून बघताना तो हिशेबातून निघून जातो. उरते ते स्वतःभोवती फिरणे.)

इथपर्यंतचा भाग कुठल्याही पुस्तकात सापडेल. खरी गंमत पुढे आहे, आणि माझी तक्रारही तिथेच आहे.

व्हॉट्सॅपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरत येतो: विषुववृत्तावर राहणारे लोक ध्रुवावरच्या लोकांपेक्षा हळू म्हातारे होतात, आइनस्टाइनने सिद्ध केले आहे. आइनस्टाइनने असे लिहिले होते हे खरे. १९०५ च्या त्या प्रसिद्ध पेपरमध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, पेटंट ऑफिसात नोकरी करता करता, त्याने म्हटले की विषुववृत्तावरचे घड्याळ ध्रुवावरच्या तशाच घड्याळापेक्षा किंचित हळू चालेल. आकडा काढला तर दिवसाला १०४ नॅनोसेकंद येतो. मेसेजवाल्यांनी एवढेच उचलले. समुद्रसपाटीवर ठेवलेल्या घड्याळांच्या बाबतीत हे भाकीत चुकीचे आहे. फरक शून्य येतो.

कारण १९०५ साली हिशेबात फक्त वेग होता. गुरुत्वाकर्षणाचा घड्याळावर परिणाम होतो हे आइनस्टाइनच्या लक्षात दोन वर्षांनी, १९०७ मध्ये आले. जमिनीच्या जवळ, म्हणजे गुरुत्वाच्या खड्ड्यात खोल असलेले घड्याळ हळू चालते, वरचे जलद. आणि पृथ्वी काही क्रिकेटचा चेंडू नाही. फिरण्यामुळे ती मधे फुगलेली आहे, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवावरच्यापेक्षा २१ किलोमीटर जास्त. म्हणजे विषुववृत्तावरचे घड्याळ वेगामुळे मागे पडते आणि उंचावर असल्यामुळे पुढे जाते. जमाखर्च बरोब्बर मिटतो.

बरोब्बर म्हणजे किती बरोब्बर, असे म्हणून कॅल्क्युलेटर काढलात तर एक खोच सापडेल. एक किलोमीटर उंचीला घड्याळ दिवसाला सुमारे साडेनऊ नॅनोसेकंद पुढे जाते. २१ किलोमीटरला झाले २००. आपल्याला हवे होते १०४. मग निम्मे गेले कुठे? तर तो जो मधला फुगवटा आहे त्यालाही वजन आहे, तोही खेचतो. विषुववृत्तावरचे घड्याळ त्या फुगवट्याच्या मधोमध बसलेले असते, त्यामुळे उंचीने मिळालेल्या फायद्यातले जवळपास निम्मे फुगवटा परत घेतो. उरलेले वेगाच्या तोट्याइतकेच असते. मी हे पहिल्यांदा आकडे घालून करून पाहिले तेव्हा चहा गार झाला होता.

हा योगायोगही नाही. फिरत्या पृथ्वीवर समुद्राचे पाणी कुठे स्थिरावते? जिथे ओढ आणि फिरणे मिळून होणारी एकूण पातळी सगळीकडे सारखी असते तिथे, नाहीतर ते वाहत राहिले असते. घड्याळाची गतीसुद्धा नेमकी त्याच एकूण पातळीवर ठरते. त्यामुळे पाणी जिथे निवांत उभे राहते त्या पृष्ठभागावर सगळी घड्याळे एकाच गतीने चालतात, मग ते रत्नागिरी असो की नॉर्वे. मला विचाराल तर पोरांना सापेक्षता शिकवताना फळ्यावर पहिले चित्र याचे काढावे.

या फुगवट्याशी आपल्या विदर्भाचे जुने नाते आहे. विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासहून जे मोजमाप सुरू केले ते नुसते नकाशासाठी नव्हते. दक्षिणोत्तर रेषेवर एका अंशाचे अंतर ठिकठिकाणी किती भरते हे मोजून पृथ्वी नेमकी किती चपटी आहे हे त्याला काढायचे होते. साखळ्या आणि भलामोठा थिओडोलाइट घेऊन तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे एव्हरेस्टने ते काम उचलले. जो चपटेपणा मोजता मोजता लँबटनने आयुष्य घालवले, तोच जगभरच्या घड्याळांचा जमाखर्च मिटवतो. त्याला अर्थातच याची कल्पना असायचे कारण नव्हते.

आता समुद्रसपाटी सोडून डोंगर चढलात की मात्र फरक राहतो. बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख विचारताना "घाटावरचा की घाटाखालचा?" हा प्रश्न येतोच. चिखली तालुका घाटावरचा, खामगाव-शेगाव घाटाखालचे. बोली बदलते, पीकपाणी बदलते, उन्हाळा तर फारच बदलतो. त्यात ही भर घाला: घाटावरचे घड्याळ घाटाखालच्यापेक्षा जलद चालते. तीनशे मीटरचा फरक धरला तर दिवसाला पावणेतीन-तीन नॅनोसेकंद, वर्षाला एक मायक्रोसेकंद. ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी टोकियो स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी एक आणि ४५० मीटर उंचीवर एक अशी दोन घड्याळे ठेवून हाच फरक मोजला. साधारण आमच्या घाटाएवढीच ती उंची. अमेरिकेत २०१० मध्ये ३३ सेंटीमीटर उंचीचा फरक घड्याळाने पकडला होता. २०२२ पर्यंत ते एका मिलिमीटरवर आले. आणि या घाटाच्या चढाईत वेगाचा वाटा जवळजवळ काहीच नाही, सगळा उंचीचा. "जोरात पळणाऱ्याचे घड्याळ हळू" एवढेच पाठ असलेल्याला हा फरक कळणारच नाही.

असो. वेळेचे झाले, आता लांबीकडे येऊ. इथे मला आमच्या घरचा विषय काढावा लागेल.

अमडापूरला माझ्या चुलतभावाचे आणि शेजाऱ्याचे धुऱ्यावरून वाजले आहे. धुरा म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात तो. दोन पिढ्यांचा घरोबा, सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आता बोलणे बंद. मुद्दा काय, तर आठ-दहा फूट. शेजाऱ्याच्या मुलाने मोबाईलवर एक ॲप उघडून दाखवले की रेषा आपल्या शेतातून जाते. भावाने फोन केला. "दादा, सॅटेलाइट खोटं बोलीन का?" हा त्याचा प्रश्न, आणि सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भावाला हे माहीत असलेच पाहिजे अशी त्याची ठाम समजूत.

उत्तराकडे येतो, पण आधी धुरा. शंभर मीटरचा पूर्व-पश्चिम धुरा घ्या. ध्रुवावरून बघणाऱ्याच्या दृष्टीने तो त्याच एक लाख कोटीत एक भागाने आखूड झालेला असतो, म्हणजे एका अणूच्या जाडीएवढा. दक्षिणोत्तर धुऱ्याला काहीच होत नाही, कारण आकुंचन फक्त गतीच्या दिशेने. चौकोनी शेत ध्रुवावरून अगदी चौकोनी राहत नाही म्हणायचे! पण शेतात उभ्या असलेल्या माणसाला यातले काही सापडणार नाही. टेप आखडतो, धुरा आखडतो, दोघेही एकाच वेगाने चाललेले.

मग हे आकुंचन आहे की नाही? यावर पॉल एरेनफेस्टने १९०९ मध्ये बोट ठेवले. फिरत्या तबकडीचा परीघ आखडायला हवा, पण त्रिज्या तर गतीला काटकोनात असते, ती तशीच राहते, मग परीघ भागिले व्यास हे पाय कसे राहील? आपल्या भाषेत सांगायचे तर अमडापूरच्या अक्षांशावरच्या जगातल्या प्रत्येक गावाने आपापल्या हद्दीची पूर्व-पश्चिम लांबी आपापल्या टेपने मोजली आणि सगळ्यांची बेरीज केली. ती बेरीज न फिरणाऱ्याने काढलेल्या परिघापेक्षा जास्त येईल, कारण आखडलेले टेप जास्त बसतात. साडेसदतीस हजार किलोमीटरमध्ये किती जास्त? ०.०४ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण आहे. एकेकट्या गावाला काही दिसत नाही आणि सगळी गावे एकत्र आली की हिशेब जुळत नाही. पुढे आइनस्टाइनला अवकाश वक्र असू शकते या विचाराकडे ढकलण्यात या तबकडीचा मोठा हात होता.

पृथ्वी आणखी जोरात फिरली तर? फार जोरात फिरूच शकत नाही. साधारण दीड तासाच्या आत एक फेरी झाली की विषुववृत्तावरची जमीन सुटून वर जाईल, ग्रहच फुटेल. त्या टोकालासुद्धा वेगाने होणारा घड्याळाचा तोटा दिवसाला ३० मायक्रोसेकंद आणि अख्ख्या परिघाचा फरक दीड सेंटीमीटरच्या आत. ग्रह नावाच्या वस्तूला सापेक्षता डोळ्यांनी दिसावी इतके फिरणे झेपतच नाही. त्यासाठी न्यूट्रॉन तारा हवा. २००४ साली सापडलेला एक स्पंदक सेकंदाला ७१६ गिरक्या घेतो, त्याची त्रिज्या १२ किलोमीटर धरली तर त्याचे विषुववृत्त प्रकाशाच्या १८ टक्के वेगाने पळते. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ती अशा जातीच्या ताऱ्यांचे ठोके मोजते. आणि ते ठोके मोजताना खोडद स्वतः किती सरकले हे आधी वजा करावे लागते, हा वेगळाच गमतीचा भाग.

सापेक्षतेतला माझा सगळ्यात आवडता भाग मात्र वेळ हळू चालण्याचा नाही आणि लांबी आखडण्याचाही नाही. तो आहे "आत्ता" या शब्दाचा. आपल्या धंद्यातल्या लोकांना तो पटकन कळेल.

समजा अमडापूरच्या अक्षांशावर जगभर गावोगावी उत्तम घड्याळे मांडली, सगळी समुद्रसपाटीवर आणली. गती सगळ्यांची सारखी, हे वर पाहिले. आता ती जुळवायची. प्रत्येकाने पूर्वेच्या शेजाऱ्याला दिवा दाखवायचा, त्याने आरशाने परत पाठवायचा, जाण्यायेण्याला लागलेल्या वेळेचा निम्मा धरून घड्याळ लावायचे. आपले सर्व्हर एनटीपीने एकमेकांशी नेमके हेच करतात. अमडापूरने पूर्वेच्याशी जुळवले, त्याने त्याच्या पूर्वेच्याशी, असे करत करत पॅसिफिक, अटलांटिक, आफ्रिका करून फेरी अमडापूरच्या पश्चिम वेशीवर आली. शेवटच्या शेजाऱ्याचे घड्याळ अमडापूरशी जुळायला हवे की नाही? जुळत नाही. १८२ नॅनोसेकंदांचा फरक येतो. एकही घड्याळ बिघडलेले नाही, कुणी चूक केलेली नाही. "निम्मा वेळ जायला, निम्मा यायला" हे गृहीतकच फिरत्या जमिनीवर गावागावांत बरोबर आणि जगभर चूक ठरते, कारण प्रकाश पूर्वेकडे जात असताना समोरचे गाव पुढे सरकते, आणि परत येताना आपण त्याच्याकडे सरकतो. याला सान्याक परिणाम म्हणतात. विषुववृत्तावर हा आकडा २०७ आहे.

सिस्टीमवाल्यांचा आवडता लेस्ली लँपोर्ट, ज्याचा घड्याळे आणि घटनांच्या क्रमावरचा १९७८ चा पेपर आपण सगळे इंटरव्ह्यूसाठी तरी वाचतो, त्यानेच सांगितले आहे की ती कल्पना त्याला सापेक्षतेवरून सुचली. मला त्यात नवल वाटत नाही.

याचा पुरावा ऑक्टोबर १९७१ मध्ये मिळाला. जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग हे दोघे सीझियमची चार घड्याळे घेऊन साध्या प्रवासी विमानांतून जगप्रदक्षिणा करून आले, एकदा पूर्वेकडून, एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडून गेलेली घड्याळे ५९ नॅनोसेकंद मागे, पश्चिमेकडून गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे. वर उडण्याचा फायदा दोन्हीकडे होता, मग एवढी तफावत का? कारण ध्रुवावरून बघा. पूर्वेकडे जाणारे विमान पृथ्वीच्या वेगात भर घालते. पश्चिमेकडे जाणारे विमान अमडापूरवरून उडताना खरे तर पूर्वेकडेच सरकत असते, फक्त अमडापूरपेक्षा हळू. :-) ऑनसाइटवाल्यांनी नोंद घ्यावी, पश्चिमेकडून जग फिरून आलात तर घरच्यांपेक्षा जरासे जास्तच म्हातारे होऊन परतता.

आता भावाचा प्रश्न. सॅटेलाइट खोटं बोलीन का?

पहिली गोष्ट, उपग्रह "तुझे शेत इथे आहे" असे सांगतच नाही. तो एवढेच सांगतो की माझ्या घड्याळात इतके वाजले आणि मी अमुक ठिकाणी आहे. बाकी सगळे खाली यंत्रात गणिताने निघते. आणि या गणिताबद्दल एक वाक्य सगळीकडे छापलेले असते: सापेक्षता धरली नाही तर जीपीएस दिवसाला ११ किलोमीटर चुकेल. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. आकडा येतो कुठून ते बरोबर आहे. जीपीएसची घड्याळे उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे येतात, निव्वळ ३८ पुढे. (जमिनीवरच्या सगळ्या यंत्रांसाठी हा एकच आकडा चालतो तो त्या फुगवट्याच्या कृपेने. नाहीतर दर अक्षांशाला वेगळा काढावा लागला असता.) ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटर जातो. पण यंत्र किमान चार उपग्रह वापरते आणि त्यातून स्वतःच्या घड्याळाची चूकही काढते. सगळेच उपग्रह सारखेच पुढे असतील तर ती चूक त्या चौथ्या खात्यात जाऊन पडते, जागेवर फारशी येत नाही. उपग्रहाची जागा ३८ मायक्रोसेकंद चुकीच्या क्षणाची धरली जाईल, एवढ्यात तो पंधरा सेंटीमीटर सरकतो, म्हणजे पहिल्या दिवसाची चूक साधारण त्या मापाची. ती दिवसेंदिवस साचत जाईल, आणि वेळेसाठी जीपीएसवर विसंबणारे पॉवर ग्रिड, मोबाईल टॉवर यांचे हाल होतील ते वेगळेच. दुरुस्ती हवीच. पण ११ किलोमीटर? नाही.

खुद्द इंजिनिअर मंडळींनाही त्या काळी खात्री नव्हती. जून १९७७ मध्ये सोडलेल्या एनटीएस-२ या चाचणी उपग्रहात सापेक्षतेची दुरुस्ती चालू-बंद करायची सोय ठेवली होती. आजच्या भाषेत फीचर फ्लॅग! आधी वीस दिवस बंद ठेवून पाहिले. अपेक्षित फरक एक लाख कोटीत ४४६.५ भाग, मोजलेला ४४२.५. मग गुपचूप चालू केली.

ज्या दुरुस्तीशिवाय जागा खरोखर लगेच चुकते ती कुणी सांगत नाही, आणि ती आहे पृथ्वीच्या फिरण्याची. उपग्रहापासून सिग्नल निघून शेतात पोहोचायला सेकंदाचा सातशतांश भाग किंवा थोडा जास्त लागतो. तेवढ्यात अमडापूर पूर्वेला ३० मीटर गेलेले असते. हे धरले नाही तर नकाशावरचा ठिपका तीसेक मीटर पूर्वेला पडेल, पहिल्याच सेकंदाला, दर वेळी. हाच तो सान्याक परिणाम, फक्त शेतात उतरलेला. आपल्या नाविकचे उपग्रह तर ३६ हजार किलोमीटरवर, सिग्नल यायला दुप्पटीच्या जवळ वेळ, म्हणजे त्यात ५० मीटरच्या वर वजा करावे लागतात. नाविकच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले होते. ती घड्याळे आयात केलेली होती. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले. रॉकेट सुटतानाचे फोटो सगळ्या पेपरात आले. घड्याळाबद्दल मात्र कुठे कुठे एक ओळ होती.

भावाला मी यातले सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले की मोबाईल ते ३० मीटर बरोबर वजा करतो, पण हवेतून येताना सिग्नल वाकडातिकडा होतो त्यामुळे त्याची चार-पाच मीटरची चूक राहतेच, आणि तुमचे भांडण आहे तीन मीटरचे. शिवाय ॲपमधली रेषा म्हणजे जुना गावनकाशा चित्रावर चिकटवून काढलेली, ती उपग्रहाने काढलेलीच नाही. सरकारी मोजणी रोव्हरने होऊ दे. त्यात एका ठरलेल्या, पक्की जागा माहीत असलेल्या ठाण्याशी तुलना असते, दोन्ही यंत्रांच्या सारख्या चुका आपसात कटतात आणि उत्तर सेंटीमीटरमध्ये येते. मोजणीच्या दिवशी दोघेही हजर राहा.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते समदं ठीक हाय दादा. पन विहीर कोनाकडं जाईन?"